भागीरथीआजीचा हात

शिरगावात बोलवा होती, की भागीरथीआजीच्या अंगात येतं. तेही देवळात नाही, जत्रेतल्या मौत का कुआंच्या कठड्यावर. केस मोकळे सुटतात, डोळे थिजतात, पापणी लवत नाही. शेजारच्या वेणूबाई तर एकदा तिच्या पायाही पडून आल्या होत्या.

खरं असं, की केस सुटायचे ते मोटारसायकलींच्या वाऱ्याने. आणि पापणी लवायची नाही, कारण लवली असती तर तेवढा खेळ फुकट गेला असता. तिची नात जिज्ञासा अख्ख्या आळीच्या नकला करायची. तिने वेणूबाईंचा घोगरा आवाज काढून, हात जोडून विचारलं होतं, “माते, कोण आलीस गं तू?”

आजी भाजी निवडत म्हणाली, “कोन नाय येत. मना मजा येते.”

लाकडी विहिरीच्या भिंतीवर आडवी झालेली गाडी गरगरत वर येते. कठड्यावरून कुणी नोट पुढे धरली, तर स्वार एक हात सोडून ती उचलतो. बहुतेक जण ऐन वेळी हात मागे घेतात, नाहीतर उत्साहाने त्याच्या तोंडाशी नेतात. आजीचा हात जिथे असेल तिथेच राहायचा. अंबरनाथच्या एमआयडीसीत तिने उभी हयात सरकत्या पट्ट्यावरच्या बाटल्यांना झाकणं लावली होती. बाटली आपल्याकडे येते, आपण तिच्यामागे धावायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं.

पण दिवाळीपासून तिचा उजवा हात कापायला लागला. आमटीचा चमचा तोंडाशी पोचेपर्यंत अर्धा रिकामा. तिच्या मुलाने, अभिजीतने, या शिवरात्रीला जत्रा बंद म्हणून सांगून टाकलं. कापणाऱ्या हाताकडे कुठला स्वार वळतो? आजीलाही ते ठाऊक होतं. ती म्हणाली, एकदा ने. स्वाराने नोट घेतली नाही तर जन्मात कुआंचं नाव काढणार नाही.

रिक्षात जिज्ञासाने घशातून फुटक्या सायलेन्सरचा आवाज काढला, मग माइकवाल्याचा: “आइये, आइये, कमजोर दिलवाले बाहर से ही नमस्ते करें!” रिक्षावाल्याने वळून पाहिलं. आजी हसली. मांडीवरचा हात मात्र कापतच होता.

“आजी, पैज. तो नाही घेणार.”

“हारलीस त?”

“तू सांगशील ते.”

“मंग पुढची नोट तू धरायची.”

जिज्ञासाने बिनधास्त टाळी दिली.

कठड्यावर आजीने डाव्या हाताने रेलिंग पकडलं आणि उजवा पुढे केला. नोट फडफडू लागली. स्वार वर आला, त्याने पाहिलं आणि खाली उतरला. पुन्हा आला, पुन्हा उतरला. बाजूचा माणूस म्हणाला, मावशी, राहू द्या. आजीने हात मागे घेतला नाही. अभिजीतने तिचा खांदा धरायला हात उचलला, तर जिज्ञासाने त्याचं मनगट पकडलं. पैज तिनेच ‘तो नाही घेणार’ अशी लावली होती, तरीही.

तेवढ्यात दुसरी गाडी भिंतीवर चढली. अख्खी विहीर धडधडायला लागली. पायाखालच्या फळ्या, बाजूच्यांचे मोबाईल, पुढे धरलेल्या नोटा, सगळं थरथरत होतं. आणि त्या सगळ्यात आजीचा हात हळूहळू शांत होत गेला. आधी कोपर, मग मनगट, मग बोटं. शेवटी नोटेचं टोकही हलेना. जिज्ञासाला वाटलं, विहीर, गाड्या, माणसं, सगळं त्या हाताभोवती फिरतंय.

स्वार वर आला. मान कलती, एक हात मोकळा. आजीची बोटं रिकामी झाली, तेव्हा कुठे तो येऊन गेल्याचं कळलं.

जिज्ञासाने अभिजीतचं मनगट सोडलं.

आजीने हात खाली घेतला. तो लगेच पुन्हा कापू लागला. त्याच हाताने तिने कमरेच्या बटव्यातून दुसरी नोट काढली, लांबट घडी घातली आणि नातीच्या बोटांत खोचली.

“धर. आनि त्याच्याकं बग, नोटंकं नको.”

खालून गाडीचा आवाज चढत येत होता. जिज्ञासाने हात कठड्याबाहेर काढला.