साल असलेलंच खायची

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. मुलगा शिकलेला. पण नातीचं दुखणं पहिल्यांदा ओळखलं मी, आणि ओळखून गप्प बसलो तोही मीच.

नात तेरा वर्षांची. गणपतीत तिचं जेवण सुटलं. शाळेतला डबा तसाच परत यायचा. घरी केळं खायची, उकडलेलं अंडं खायची, दोन्ही स्वतः सोलून. भात नको, आमटी नको. सून म्हणायची, "बारीक व्हायचं खूळ घेतलंय." मुलगा धाटावच्या कंपनीत शिफ्टला. तो म्हणायचा, "मोबाइल काढून घ्या तिचा." मी ताटातल्या टरफलांकडे बघत बसायचो.

माझा धाकटा भाऊ असंच खायचा. तेव्हा आम्ही पेणकडे, खाडीच्या मिठागरावर कामाला. चौदा-पंधराचा असताना तो म्हणायला लागला की आई जेवणात काहीतरी कालवते. मग नारळ, अंडी, केळी एवढंच. सालीच्या आत कोणाला हात घालता येत नाय ना. पुढे तो एकटाच कोणाला तरी उत्तरं द्यायचा. वडील म्हणाले, खाडीच्या बांधावर काहीतरी लागलंय त्याला. नारळ दिला, कोंबडं दिलं. डॉक्टर काय दाखवला नाय. तिशीच्या आत गेला तो. कसा गेला ते लिहीत नाय.

मी ठरवलं, ही जागाच वाईट. मिठागर सोडलं आणि रोह्याला आलो. मुलगा इथेच जन्मला, त्याला काका होता हेसुद्धा सांगितलं नाय. त्याचं लग्न जमवताना खांब गावच्या पाहुण्यांनी विचारलं, तुम्ही भाऊ किती? म्हटलं, मी एकटाच. गावाकडचं कोणी तोंड उघडेल म्हणून लग्नाला गावाकडचं माणूस बोलावलं नाय.

दिवाळी झाल्यावर नातीने खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली. समोरच्या घरातले तिच्याबद्दल बोलतात म्हणाली. समोरच्या घराला वर्षभर कुलूप आहे. तेव्हा कुठे डॉक्टर. मीही सोबत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नात्यात कोणाला असा त्रास होता का?"

सून म्हणाली, "माझी एक मावशी देवदेव फार करते, तेवढंच."

"मग तिकडूनच आलं असणार," मुलगा म्हणाला. सून मान खाली घालून बसली. मी माझ्या काठीकडे बघत होतो.

तेवढ्यात नात बोलली. "आजोबांना माहीत आहे. मी अंडं सोलते तेव्हा ते माझ्यावर नजर ठेवतात."

बाई कागदावर लिहायला लागल्या. घरच्या माणसांवरही संशय, असं मुलाला हळू सांगितलं. पोरीचं तेवढं एक खरं होतं, आणि तेच आजारात धरलं जात होतं.

मी म्हणालो, "ते लिवू नका बाई. पोर खरं बोलते." आणि भावाचं सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "यात जागेचा दोष नसतो, आजोबा. रक्तात असलं म्हणजे येतंच असंही नाही. पण हे माहीत असतं तर आपण लवकर बघितलं असतं. जेवण कधीपासून सुटलंय?"

"गणपतीपासून."

सून माझ्याकडे वळली. "म्हणजे तीन महिने, बाबा. तीन महिने टरफलं बघत बसलात. आणि आता माझ्या मावशीला नावं ठेवत होते तेही ऐकत बसलात."

आता उपचार चालू आहेत. खिडकीचे कागद निघालेत, डोक्यातलं किती निघेल ते बाईसुद्धा सांगत नायत. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलतो. सुनेची माफी मी मागितलेली नाय. मला ते येत नाय. सकाळी अंडी मी उकडतो, नात सोलते. परवा तिने विचारलं, "तुमच्या भावाचं नाव काय होतं?"

चाळीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. सांगितलं.

सून भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "हे नाव लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा सांगायचं होतं."

तेव्हा सांगितलं असतं तर ही पोर जन्मलीच नसती, असं माझ्या ओठावर आलं होतं. नात समोर बसलेली. मी गिळलं.