नेनेसाहेब, उरुग्वे आणि उष्टं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ऑफिसच्या पॅन्ट्रीत केचपच्या पुड्या साठतात, तसे ते साठतात. एक दिवस ड्रॉवर उघडावा तर परत बंदच होत नाही! आमच्या दुबईतल्या अल मनखूलच्या ऑफिसात सध्या त्या ड्रॉवरचं नाव आहे उरुग्वे.

आम्ही मिठाईवाल्यांना दूध पावडर पुरवतो. जुन्या सप्लायरने एजन्सी काढून घेतली, तेव्हा मालक नेनेसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "उरुग्वेची एक कंपनी दुबईत एजंट शोधत्येय. एजन्सी मिळाली तर ठीक. नाहीतर खलास, सगळे परत पुण्याला!"

सेल्सचा शिर्के म्हणाला, "सर, उरुग्वे म्हणजे आफ्रिकेत ना?"

"दक्षिण अमेरिकेत!"

"बापरे. व्हिसा लागेल."

"अरे, तू जायचं नाहीयेस. पावडर यायची आहे!"

*

देशाची माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं. मी आठवडाभर बसून नीट लिहिलं: देश लहानसा, बहुतेक सगळी वीज पाणी, वारा आणि उन्हावर, सरकारी शाळेतल्या मुलांना लॅपटॉप, आणि माणसांपेक्षा गाई कितीतरी जास्त.

साहेबांनी दोनदा वाचलं. "प्रगती समजली. पण एवढ्या गाईंकडे बघतं कोण? मुलं तर लॅपटॉपवर!"

अकाउंट्सच्या कुलकर्णीबाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "वर्क फ्रॉम होम असेल."

*

इथल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत माझ्या मुलीने तीच माहिती प्रोजेक्ट म्हणून खपवली. बी ग्रेड मिळाली. "बाबा, टीचर सेज टू मेनी काऊज!"

ऑफिसात मी हे गंमत म्हणून सांगितलं. साहेब गंभीर झाले. "बी? मग हे उरुग्वेहून येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचं नाही. आधी गाई कमी करा!"

*

उरुग्वेच्या कंपनीच्या लुसिया मॅडम येणार, त्या सकाळी शिर्के झेंडा घेऊन आला. निळे-पांढरे पट्टे, सूर्य. पण सूर्य मधोमध! म्हणजे अर्जेंटिनाचा. उरुग्वेचा सूर्य वरच्या कोपऱ्यात असतो.

"दुकानदार म्हणाला, हबीबी, सूरज तो एक ही है," शिर्के म्हणाला.

बदलायला वेळ नव्हता. आम्ही फायलींचं कपाट सरकवून अर्धा झेंडा झाकला. सूर्य काठाशी आला, म्हणजे जवळजवळ कोपऱ्यातच.

मॅडम आल्या, झेंड्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे. "अर्जेंटिना?"

शिर्के म्हणाला, "नो मॅडम! अर्जेंटिना इज बिहाइंड द कपाट!"

*

मॅडम हसल्या, आणि बॅगेतून एक वाटोळा भोपळ्याचा पेला काढला. त्यात हिरवा पाला, त्यावर गरम पाणी, आणि एक धातूची नळी. याला माते म्हणतात. एकाच नळीने सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचं, म्हणजे दोस्ती. नळी मात्र हलवायची नाही.

त्या आधी स्वतः प्यायल्या. मग पेला साहेबांपुढे धरला.

आता नेनेसाहेबांना उष्टं अजिबात चालत नाही. स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा ते तोंड न लावता वरून पितात. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. सगळ्यांचे व्हिसा त्या पेल्यात होते!

साहेबांनी नळी उपसून टेबलावर ठेवली, मान मागे टाकली आणि पेला वरून ओतला.

थोडं पाणी तोंडात गेलं. पाला सगळा मिशीवर, टायवर, शर्टाच्या खिशात.

मॅडम बघतच राहिल्या. "इज दिस युवर कस्टम?"

"ओन्ली फॉर व्हेरी स्पेशल गेस्ट, मॅडम!" शिर्के म्हणाला.

*

पुढच्या महिन्यात मॅडम परत आल्या. बरोबर त्यांचे मोठे साहेब, सुटाबुटात, करारावर सही करायला. शर्ट पांढराशुभ्र.

कुलकर्णीबाईंनी त्यांच्यापुढे कडक चहा ठेवला. मॅडम त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजल्या. मोठे साहेब उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला, मान मागे टाकली आणि चहा वरून ओतला.

हनुवटीवरून शर्टावर, शर्टावरून गालिच्यावर. मग ते अदबीने आमच्याकडे बघत थांबले.

"अहो, आता तरी खरं सांगा त्यांना!" कुलकर्णीबाई पुटपुटल्या.

"आधी सही," नेनेसाहेब ओठ न हलवता म्हणाले, आणि त्यांनी आपला कप वर उचलला.