गोधडीतली जिलबी

उज्जैनमध्ये घर असलं की माणसाला पाहुण्यांची वाण नसते. महाकालाच्या दर्शनाला निघालेला प्रत्येक नातेवाईक, मग तो जवळचा असो की आमच्या कुणाच्याच ध्यानात नसलेला, माधव नगरच्या आमच्या हॉलमध्ये मुक्कामाला येतो. रात्री त्याला गोधडी मिळते आणि सकाळी तोंडही न धुता तो विचारतो, "वहिनी, ही कुठे मिळते हो?" बायको म्हणते, "मिळत नाही, घरीच करते." त्या वेळी तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग तो पाहुणा दोन दिवस जास्त राहिला तरी तिची तक्रार नसते. माझी असते, पण मला कोण विचारतो!

गोधडी करायची म्हणून तिने कधी वेगळा वेळ काढला नाही. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत थोडे टाके, कामवालीला उशीर झाला तर तिची वाट बघत आणखी थोडे, आणि बहिणीचा फोन आला तर एक अख्खी ओळ. गोधडी हॉलच्या मधोमध सतरंजीवर पसरलेली आणि आम्ही सगळे भिंतीच्या कडेकडेने जा-ये करणारे. मी बँकेतून दमून आलो की पहिला शब्द कानावर पडायचा तो "पाय!" लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने मला उद्देशून सगळ्यांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द हाच असावा. निवृत्त झाल्यापासून तर मी दिवसभर घरातच असतो, आणि माझे पायही.

मागच्या थंडीत आमची मुलगी बाळंतपणासाठी भोपाळहून घरी आली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मधे एकदा दिवस राहून वाया गेले होते. त्यामुळे घरात आनंद होता तरी मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. डोहाळजेवण झालं आणि बायकोने कपाट उघडलं. बाळाच्या पहिल्या गोधडीला नवं कापड चालत नाही, नेसून आणि धुऊन मऊ झालेलंच लागतं. तिने आपल्या दोन महेश्वरी साड्या काढल्या, आत घालायला माझे जुने लेंगे घेतले, थर लावून मोठे कच्चे टाके घातले आणि कडेची पहिली ओळ सुरू केली. तिच्या माहेरच्या रिवाजाप्रमाणे ही गोधडी बाळाच्या आजीने करायची असते. आजवर तिने दुसऱ्यांच्या नातवंडांसाठी ढीगभर गोधड्या शिवून दिल्या होत्या. ही तिची स्वतःची होती.

ती ओळ पुरी व्हायच्या आत ती ओल्या बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर थेट कोपरापर्यंत.

हाड मोडल्याचं दुःख तिने एका दिवसात आवरलं, गोधडीचं काही आवरेना. शेजारच्या भाभीजी बघायला आल्या, अर्धवट गोधडी बघून म्हणाल्या, "लाओ, मैं पूरी कर देती हूँ." बायको गोड हसली, चहा पाजला, आणि त्या फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाली, "त्यांचे टाके म्हणजे हातभर. बाळाची बोटं अडकतील त्याच्यात." मग ती दिवाणावर बसून त्या गोधडीकडे इतका वेळ बघत राहिली की मला राहवेना. मी म्हणालो, "मी करतो."

मग मुलगी अशी हसत सुटली की तिला दोन्ही हातांनी पोट धरावं लागलं. "बाबा, तुम्ही? तुम्हाला शर्टाचं बटन लावता येत नाही!"

मला राग आला. मला लगेच येतो, सगळ्यांना माहीत आहे. मी तसाच फ्रीगंजच्या बाजारात जाऊन दोऱ्याची नवी रिळं घेऊन आलो आणि जेवण झाल्याबरोबर सतरंजीवर बसलो. बायको वरून सूचना देत होती. कडेपासून सुरू करायचं आणि फेऱ्या मारत मधे यायचं, उलटं गेलं की कापड फुगतं. टाका तांदळाएवढा. दोरा हातभरच घ्यायचा. एक कोपरा शेवटपर्यंत चार बोटं उघडा ठेवायचा. मी मान हलवत होतो आणि शिवत होतो. दुपारभर शिवलं. संध्याकाळी मोठ्या ऐटीत गोधडी उचलून दाखवायला गेलो, तर सतरंजीही बरोबर उठली.

"हद्द झाली," बायको म्हणाली. "अहो, पूरी सतरंजी जोडलीत की हो! बाळाला पांघरायची की लग्नात अंथरायची?" ती पडल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा खळखळून हसली. मला इतकं बरं वाटलं की उसवण्याचा त्रास काही वाटला नाही.

हळूहळू जमायला लागलं. थंडीतली दुपार, खिडकीतून ऊन आत आलेलं, मुलगी शेजारी बसून मटार सोलतेय, बायको दिवाणावरून टाके तपासतेय आणि मी मान खाली घालून शिवतोय. बँकेत एवढी वर्षं काढली, पण एखादं काम करताना इतकं निवांत मला कधी वाटलं नव्हतं. बायको म्हणायची, "हा टाका तिरका गेला." मी म्हणायचो, "बाळ काय फूटपट्टी घेऊन येणार आहे?" आणि सगळ्यांत मजा म्हणजे, कुणी मधून चाललं की मीच ओरडायला लागलो, "पाय!"

बाळ यायच्या थोडं आधी प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं जुळलंय, आता हात वापरा. घरी आल्याबरोबर तिने सुई मागितली. मी ओवून दिली. तिने ती चिमटीत धरली आणि सुई खाली पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तिने धरलीच नाही. "रहने दो," एवढंच म्हणून स्वयंपाकघरात गेली. नंतर तिने गोधडीला हात लावला नाही. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम दिला होता, तो चेंडू टीव्हीजवळ तसाच पडून राहिला. मी आठवण करून दिली की म्हणायची, "करते हो." करत नव्हती.

मग नात झाली. गोरीपान, भरपूर जावळ असलेली, आणि आवाजात माझ्यावर गेलेली. घर भरून गेलं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मग डोळ्यांपुढून हटेना. बायको तिला उचलून घेत नव्हती. मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "ठेवा मांडीवर." ठेवली की डाव्या हाताने थोपटायची, गाणी म्हणायची. न्यायची वेळ आली की मुलीला हाक मारायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "हातातून सुई पडते माझ्या."

बारशाच्या आदल्या दिवशी गोधडी पुरी झाली. राहिला होता तो फक्त उघडा कोपरा. मी ती तिच्यासमोर नेली. "हा कोपरा तुझा. तुझ्याशिवाय बंद करायचा नाही."

"मला नाही जमणार. तुम्हीच करून टाका. नाहीतर फ्रीगंजमधून तयार दुलई आणा, काय फरक पडतो."

काय फरक पडतो? हे ती म्हणाली! शेजारणीच्या टाक्यांना नावं ठेवणारी! माझं डोकंच फिरलं. "ठीक आहे, करतो मीच," म्हणून मी गोधडी उचलली आणि हॉलमध्ये येऊन बसलो. कोपरा बंद करायच्या आधी त्यात गोड घास घालतात, उपाशी गोधडी बाळाला पांघरायची नाही, एवढं मी तिच्या तोंडून ऐकलं होतं. नेमकं काय घालतात ते मी कधी बघितलं नव्हतं, कारण घास भरवायच्या वेळेला मी नेहमी बँकेत. जावई आले होते म्हणून सकाळी मी पोहे-जिलबी आणली होती. टेबलावर कागदात दोन जिलब्या उरल्या होत्या. गोड तर गोड! एकीचा चांगला मोठा तुकडा तोडला, कोपऱ्यात सारला आणि हातभर टाक्यांनी तोंड शिवून टाकलं.

पुढे सगळे नातेवाईक मला म्हणाले की तुम्ही हे मुद्दाम केलंत. खरं सांगतो, नाही. एवढी अक्कल असती तर मी बँकेत मॅनेजर होऊन निवृत्त झालो असतो.

दुपारी चहाच्या वेळी मुलगी ओरडली, "आई, मुंग्या!" दाराच्या फटीतून थेट दिवाणावरच्या गोधडीपर्यंत रांग लागली होती. कोपरा काळा झाला होता आणि पाक बाहेर झिरपून महेश्वरीवर डाग पडला होता. बायको धावत आली, बोटाने चाचपून बघितलं, वास घेतला आणि माझ्याकडे वळली.

"जलेबी? गोधडीत जलेबी घातलीत?"

"गोड घास म्हणालीस ना."

"अहो, सुकवलेला पुरणपोळीचा तुकडा घालतात, नखाएवढा! मुंगी लागू नये म्हणून सुकवतात! डोहाळजेवणाच्या पोळीचा मी तेव्हाच काढून ठेवलाय, देवाजवळच्या डबीत. एका शब्दाने विचारायचं तरी! दिमाग आहे की नाही?" असं म्हणत तिने कात्री घेतली आणि माझे टाके कराकरा कापले. मुंग्या झटकल्या. कोपरा नळाखाली धरून चोळून धुतला, गच्चीत उन्हात धरून बसली आणि तिथूनही माझा उद्धार चालूच होता. सतरंजी निघाली, माझ्या आईने मला काही शिकवलं नाही हे निघालं, आमच्या लग्नात बुंदी कमी पडली होती तेही निघालं. खाली आली ती डबी घेऊनच. "सुई ओवा!" मी ओवली. "इकडे द्या!" मी दिली.

तिने घास आत ठेवला, कडा दुमडली आणि शिवायला लागली. उजव्या हाताने. सुई एकदा घसरली, तिने बोलता बोलता पुन्हा धरली. टाके वेडेवाकडे, माझ्यापेक्षाही वाईट. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मी तिला डोळ्यांनी दटावलं. या वेळी ती माझ्यावर रागावलेलीच राहू दे म्हणून देवाची प्रार्थना केली आणि पुरवणी म्हणून म्हणालो, "पण जलेबी ताजी होती."

"गप्प बसा!" ती म्हणाली आणि आणखी चार टाके घातले.

शेवटची गाठ मारली, दातांनी दोरा तोडला आणि तिचं बोलणं एकदम थांबलं. तिने सुईकडे बघितलं, मग हाताकडे. मूठ मिटून उघडली. दुखत असणार, चेहऱ्यावर दिसत होतं. सुई रिळात खोचून तिने गोधडी खांद्यावर टाकली, हात पदराला पुसले आणि मुलीला म्हणाली, "तिला आण इकडे."

मुलगी बाळाला घेऊन आली आणि नेहमीसारखी तिच्या मांडीवर ठेवायला वाकली.

"मांडीवर नको," बायको म्हणाली. "हातात दे."