निम्मं इकडे, निम्मं तिकडे

प्रवासाला निघालेलं कुणीही आत्याच्या तावडीतून सुटत नसे. विमानतळावर रिकामी बाटली न्या आणि तपासणी झाल्यावर भरा, हॉटेलात लिफ्टशेजारची खोली घेऊ नका, बोट लागत असेल तर जहाजाच्या मधल्या भागातली खोली मागा, असं ती दारातच अडवून ऐकवायची. तिचा हुकमी सल्ला मात्र एकच: नवरा-बायकोनं सगळं सामान दोन्ही बॅगांत निम्मं-निम्मं भरायचं, म्हणजे एक हरवली तरी अडत नाही.

यंदा जहाजाच्या सफरीआधी तिची कंबर धरली, म्हणून बॅगा आतोबांनी भरल्या. आत्या पलंगावरून हुकूम सोडत होती.

विमानतळावर एक बॅग आलीच नाही.

"बघा, मी काय उगाच सांगते?" आत्याची कॉलर ताठ झाली.

जहाजावर दुसरी बॅग उघडली, तर जेवणाच्या समारंभासाठी घेतलेल्या तिच्या नव्या बुटांपैकी फक्त डावा निघाला.

"उजवा कुठाय?"

"त्या बॅगेत. सगळं निम्मं-निम्मं, तूच म्हणालीस ना?" आतोबा शांतपणे म्हणाले.

आत्यानं रागारागानं बॅग पलंगावर उपडी केली. तळाशी आतोबांचे बूट होते, दोन्ही, मोज्यांसकट.