पोच्याची पायली

त्याने माझ्या मुलीचा उजवा हात पाट्यावर दाबून धरला आणि माझ्याच वरवंट्याने ठेचला. एकदा नाही, दोनदा. पहिल्या घावाला ती किंचाळली. दुसऱ्या घावाला तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, नुसता श्वास निघाला. सकाळी वाटलेल्या मिरचीचा लगदा अजून पाट्याला होता. तो तिच्या फाटलेल्या कातड्यात गेला.

दिवसाचे अकरा वाजले होते. मांजर्लीतलं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर, दाराला आतून कडी. त्याच्या मेहुण्याने माझा अंबाडा मुठीत धरून मला फ्रिजला चिकटवलं होतं. मी त्याच्या मनगटाला चावले, तेव्हा त्याने माझं तोंड फ्रिजच्या दारावर आपटलं. खालचे दोन दात तिथेच पडले.

"काकी, हिला इचार," वरवंटा धरलेला म्हणाला. "माजं पैसं कुठं नेलं, इचार. नायतर डावा पन ठेचतंय."

काकी म्हणतो, कारण तो माझ्या चुलत दिराचा मुलगा. माझ्या मुलीबरोबर एकाच आळीत वाढला. वांगणीकडची जमीन फार्महाऊसवाल्यांना विकून आलेला सगळा पैसा त्याने कॉम्प्युटरवरच्या नाण्यांत घातला होता. ही नाणी हातात येत नाहीत. चोवीस इंग्रजी शब्द मिळतात, ते ज्याच्याकडे त्याची नाणी. त्याने ते कागदावर लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवले होते. पुरात त्याचा मोबाईल गेला, कागद वाचला. तो कागद घेऊन चार दिवसांपूर्वी तो आमच्याकडे आला, कारण माझी मुलगी त्याच नाण्याचं काम करायची.

तिचं काम काय, हे मला समजायला दोन वर्षं लागली. मी चौथी शिकलेली. ती आधी अंबरनाथला एका कंपनीत कॉम्प्युटरवर होती. ते सोडून घरी बसली आणि उल्हासनगर कॅम्प चारमधून जुना लॅपटॉप आणून दिवसभर त्यात डोकं घालू लागली. पगार नाही. परदेशातली चार माणसं आणि ही मिळून त्या नाण्याचा दुसरा प्रोग्राम लिहीत होती. लिहिलेला सगळ्यांना फुकट बघता येणार, फुकट वापरता येणार.

"पहिला आहे ना, मग दुसरा कशाला?" मी विचारलं होतं.

"सगळे एकाच प्रोग्रामवर बसलेत, आई. त्यात खोट निघाली तर सगळे एकदम बुडतील. दुसरा वेगळ्या हातांनी लिहिलेला हवा. आणि उत्तर मात्र दोघांचं अक्षरन् अक्षर सारखंच यायला हवं."

ते सारखं आणणंच अवघड होतं. लिहिलेले नियम एक सांगायचे आणि पहिला प्रोग्राम भलतंच करायचा. मग ही परदेशातल्यांशी तास तास भांडायची.

तर तो कागद घेऊन आला. पहिला प्रोग्राम चालवायचा तर सुरुवातीपासूनच्या सगळ्या व्यवहारांची भली मोठी वही उतरवून घ्यावी लागते, त्याला चार दिवस लागतात. हिचा प्रोग्राम हलका होता. त्याने शब्द स्वतः टाइप केले, आणि पडद्यावर त्याच्या नाण्यांचं पाकीट उघडलं ते रिकामं. माझ्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "शब्द चुकून लिहिला असशील दादा. घरी जाऊन तपास."

चूक तिची होती. आपलं लिहिलेलं तपासावं असं तिच्या मनातही आलं नाही. तिला वाटलं, हा जमिनी विकणारा, याला चोवीस शब्द नीट उतरवता येणार आहेत का. त्याने घरी जाऊन ते तपासले. शब्द बरोबर होते. मग त्याने चार दिवस विचार केला आणि त्याला एवढंच कळलं, की शब्द बरोबर आहेत आणि ते दोघांनीच पाहिलेत, त्याने आणि हिने.

पाट्याशी परत येते.

माझी मुलगी जमिनीवर गुडघ्यांवर होती. तोंड पांढरं पडलेलं. हाताचं मी लिहीत नाही. ती स्वतःशीच पुटपुटली, "शून्य."

"काय म्हनली?"

"दादा, शून्य. त्या शब्दांतून तुझा जो नंबर बनतो, त्याच्या सुरुवातीला शून्य असणार. जुना प्रोग्राम ते शून्य गाळतो. माझा गाळत नाही."

त्याने तिच्या बरगडीत लाथ मारली. "मना गनित नको शिकवू."

ती पडल्या पडल्या माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, पायली. सांग त्याला. पायलीचा पोचा."

मला लगेच कळलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूकडे पत्र्याची एक पायली होती. तिचं बूड आत दबलेलं होतं, पोचा पडलेला. सगळी आळी त्याच पायलीने तांदूळ उसने न्यायची आणि त्याच पायलीने परत करायची. पायली खोटी होती, पण सगळ्यांना सारखीच खोटी, म्हणून भांडण नव्हतं. मी नवी नवरी. काम दाखवायला म्हणून वरवंट्याने ठोकून तो पोचा सरळ केला. त्या आठवड्यात बायका उसने तांदूळ परत करायला आल्या, आणि नेलेल्या तांदळाने पायली भरेना. एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. सासूने मला मुसळाने मारलं. माझा डावा कान तेव्हापासून ऐकत नाही. मग तिने स्वतः ठोकून पोचा परत पाडला. तो जुन्यासारखा पडला नाही. ती पायली पुन्हा कुणाशीच जुळली नाही, शेवटी कोंबड्यांचं पाणी ठेवायला गेली.

ही गोष्ट मी मुलीला शंभरदा सांगितलेली. तरी परदेशातल्या एकाने तिला काही महिन्यांपूर्वी कळवलं होतं, की जुना प्रोग्राम एका पायरीवर शून्य गाळतो, तूही गाळ, तेव्हा तिने उत्तर दिलं होतं की ती चूक आहे आणि मी चूक लिहिणार नाही. अडीचशेत एखाद्याचाच नंबर असा निघतो. कोण येणार आहे, असं तिला वाटलं. चुलत दिराचा मुलगा आला.

रक्ताची गुळणी थुंकून मी म्हटलं, "तुझी आई आमच्या पायलीनं तांदूळ न्यायची. आठवतंय? मी पोचा काढला तेव्हा तिनं दारात येऊन मला रांड म्हटलं. हिनं तेच केलंय. पोचा काढलाय. तांदूळ गेले नाहीत कुठे, माप बदललंय."

तो थांबला. त्या पायलीवरून त्याच्या आईला पडलेला मार त्याला ठाऊक असणार, त्या आळीत सगळ्यांनाच ठाऊक होता.

"मग पाड पोचा," तो तिला म्हणाला.

"मला लॅपटॉपशी बसू दे," ती म्हणाली.

"हट. मशीनला हात लावलास का पैसं फिरवशील. काकी, तू दाब. तुला काय कलतंय त्यात."

मेहुणा हसला. "म्हातारी हॅकर! लिखना आता है क्या, मावशी?"

"तुझ्या बापापेक्षा बरं येतं," मी म्हटलं. त्याने मला ओट्यापाशी ढकललं आणि जाऊन मुलीचा डावा हात पाठीमागे पिळून धरला.

इंग्रजी मला वाचता येत नाही, पण सुटी अक्षरं ओळखू येतात. लॅपटॉप ओट्यावर आणला. मुलगी जमिनीवरून एकेक अक्षर सांगत होती आणि मी एका बोटाने दाबत होते. माझ्या तोंडातलं रक्त बटणांवर गळत होतं, ते मी पदराने पुसत होते. एखादं अक्षर उजव्या कानाला नीट ऐकू आलं नाही की परत विचारायचे, आणि परत विचारलं की मेहुणा तिचा हात पिळायचा. म्हणून मी विचारणं कमी केलं. चार ओळी झाल्या. वीस मिनिटं लागली असतील.

त्याने कागदावर तळहाताचा आडोसा धरून शब्द टाइप केले. पाकीट उघडलं. रिकामं.

वळून त्याने तिच्या ठेचलेल्या हातावर पाय दिला आणि पूर्ण वजन टाकलं. मी त्याच्या पाठीवर पडले. त्याने मला कोपराने उडवलं, मी गॅसच्या सिलिंडरवर आपटले. खांद्याच्या हाडाचा आवाज मी माझ्या चांगल्या कानाने ऐकला.

मुलगी ओकली. ओकून झाल्यावर म्हणाली, "आई, मी सगळीकडचं शून्य गाळायला लावलं. तसं नाही. जुना एकाच पायरीवर गाळतो. पुढच्या पायरीला तो शून्य परत भरून घेतो. पोचा तसाच पडायला हवा. जिथे होता तिथेच."

"बोल," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा डाव्या हाताने दाबलं, उजवा वर उचलला जात नव्हता. तिने दोन ओळी खोडायला लावल्या, एक नवी घातली. त्याने पुन्हा शब्द टाइप केले. पडद्यावर एक निळी रेघ हळूहळू भरू लागली.

"हे काय?"

"जुने व्यवहार चाळतोय," मुलगी म्हणाली. "पंधरा मिनिटं लागतील."

तो खुर्चीवर बसला. कपाळाचा घाम पुसला. आणि म्हणाला, "काकी, चा टाक."

माणूस घरात आला की चहा विचारायचा, आमच्यात तसंच आहे. ते त्याच्याही हाडात होतं आणि माझ्याही. मी एका हाताने मोठं पातेलं ठेवलं. साखर जास्त घातली. चहा उकळला तरी मी गॅस बंद केला नाही.

"किती उकळवशील?" मेहुणा म्हणाला.

"कडक पितो ना हा," मी म्हटलं.

रेघ भरली. पाकिटात नाणी दिसली. त्याने आकडा तीनदा वाचला आणि लहान पोरासारखा हसला. "बाय, आदी सांगाचं ना गं! उगाच हात गेला तुजा." खरंच असं म्हणाला. मला वाटलं, आता जातील.

पण मेहुणा म्हणाला, "दाजी, शब्द हिच्या मशीनमध्ये गेले ना? कल को ये ही निकालेगी."

"प्रोग्राम काही साठवत नाही," मुलगी म्हणाली. "लॅपटॉप घेऊन जा. फोडून टाक."

तो तिच्याकडे वळला. "मशीन फोडंन मी. पन तुज्या डोक्याचं काय करू? शाळेत असताना सगल्या आलीचं फोन नंबर तुला पाठ होतं. मीच पैज लावाचो तुज्यावर."

ते खरं होतं. लग्नसराईत लोक तिला मधे उभी करून नंबर विचारायचे आणि चॉकलेट द्यायचे.

त्याने वाकून वरवंटा उचलला. या वेळी तो तिच्या हाताकडे बघत नव्हता, तिच्या डोक्याकडे बघत होता. मेहुण्याने तिचे केस धरून मान खाली दाबली. हे त्यांनी आपसात ठरवलंही नाही. एकाने उचलला, दुसऱ्याने दाबलं.

मी पातेलं उचललं, पकड न घेता, एका हाताने, आणि सगळा चहा त्याच्या तोंडावर फेकला.

तसा आवाज मी बकरं कापताना ऐकलाय. तो चेहरा धरून मागे गेला, भिंतीवर आपटला, खाली बसला. वरवंटा त्याच्या हातून पडून पाट्यावर आदळला आणि पाट्याचा कोपरा उडाला. मेहुण्याने मुलीला सोडलं आणि माझ्याकडे आला. माझ्या हातात रिकामं पातेलं होतं. मी ते त्याच्या तोंडावर घातलं, त्याने मला एकच बुक्की मारली आणि मी पडले. त्याने पुढे मारलं असतं, पण तोवर माझ्या मुलीने डाव्या हाताने कडी काढली होती आणि जिन्यात उभी राहून ती ओरडत होती. नाव नाही, मदत नाही, नुसती ओरडत होती. खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. मेहुण्याने दाजीला खांद्यावर घेतलं आणि त्यांच्यातूनच खाली नेलं. कुणी अडवलं नाही. आपल्यातलेच आहेत, दवाखान्यात चाललेत, असं त्यांना वाटलं.

नंतर पोलीस, जबाब, तारखा. भाऊबंद घरी येऊन बसले, घरातली गोष्ट घरात ठेवा म्हणाले. मी त्यांना चहा विचारला नाही.

मुलीच्या हातावर तीनदा शस्त्रक्रिया झाली. अंगठा आणि करंगळी हलतात, मधली तीन बोटं हलत नाहीत. प्लास्टर असतानाच तिने डाव्या हाताने ती ओळ प्रोग्राममध्ये सगळ्यांसाठी घातली. त्या ओळीच्या वर काय लिहिलंस, म्हणून मी विचारलं. "इथे जुना प्रोग्राम चुकतो, आपणही तसंच चुकायचं, एवढंच," ती म्हणाली. आता ती पाकिटाचं काम करत नाही. कुणाचे शब्द पाहायचे नाहीत, म्हणते. बाकीचं लिहिते, सावकाश.

वरवंटा पोलिसांनी नेला, तो परत आलेला नाही. माझ्या तळहाताला पातेल्याच्या कडेचा भाजल्याचा वण आहे आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्याचा एक डोळा गेला. मेहुण्याला काही झालं नाही.

त्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं होतो. चौघंही जिवंत आहोत.