पहिल्यांदा नाही म्हणायचं

मी शिकवलेलं जर्मन एका माणसाला जन्मभर नडलं, आणि ते मी मुद्दाम तसं शिकवलं होतं. आधीच सांगून टाकतो, उगाच मला भला माणूस समजू नका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मी ड्रॉइंगं काढायचो. ग्राइंडिंगचं नवं मशीन आलं, ते बसवायला जर्मनीहून साहेब आला. जाताना तो आमच्यातल्या एकाला वर्षभर तिकडं शिकायला यायला निवडणार होता. परत येईल तो फोरमन, असं मालकांनी सगळ्यांदेखत सांगितलेलं.

कोण जाणार ते उघडच होतं. आमचा मुख्य फिटर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला मास्तर. नुसता हात लावून मशीनचं दुखणं सांगणारा गडी. साहेब त्याच्यावर बेहद्द खूश. आणि मी? पुस्तकावरून थोडं जर्मन शिकलो होतो, म्हणून दुभाष्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत भाई आला. "मास्तर, परक्या मुलखात आपण अडाणी दिसाय नगं. चार आदबीचे शब्द शिकवा की."

शिकवले. सकाळी भेटलं की गुटेन मॉर्गेन. काही मागताना बिटे. धक्का लागला तर एंटशुल्डिगुंग. हा शब्द म्हणताना भाईला घाम फुटायचा आणि सगळे खो खो हसायचे. पण पठ्ठ्या सोडायचा नाही. खडूनं पत्र्यावर शब्द लिहून ठेवायचा आणि आभार मानायला चहावाल्यालासुद्धा डांके शोन म्हणायचा.

मग त्यानं विचारलं, "तिकडं बी पहिल्यांदा न्हाय म्हणायची रीत हाय न्हवं?"

आपल्याकडं पावण्यानं पहिल्या फटक्याला हो म्हटलं की तो हावरा. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ताट ओढायचं. पण साहेबाच्या बंगल्यावर माझी काय गत झाली होती ते मलाच ठाऊक. त्यानं केक पुढं केला, मी नको म्हटलं, त्यानं बशी उचलून आत नेऊन ठेवली. ती माणसं एकदाच विचारतात. मी उपाशी घरी आलो होतो.

"व्हय की भाई," मी म्हणालो. "ती बी माणसंच न्हवं का? हसून नाइन डांके, म्हंजी नको, आभारी हाय, म्हणायचं. लई आदब वाटती त्यांना."

निघायच्या आदल्या दिवशी साहेब मशीनपाशी आला आणि भाईला विचारलं, आमच्याकडं शिकायला येणार का? मी अगदी शब्दाला शब्द भाषांतर केलं. भाईनं चिंधीला हात पुसले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "नाइन, डांके शोन."

साहेबाचं तोंड उतरलं. भाईचा खांदा थोपटून तो निघून गेला.

"काय म्हणाला?" भाईनं विचारलं.

"उद्या परत विचारतो म्हणाला."

संध्याकाळी बंगल्यावर साहेबानं मला विचारलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळा झालो.

सकाळी भाई इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी उभा. साहेबाची गाडी आली, काच खाली झाली, हात हलला, गाडी गेली. भाई रस्त्याकडं बघत राहिला. "दुसऱ्यांदा विचारायचं राह्यलं की वो साहेबाचं," म्हणाला. दुपारी माझं नाव जाहीर झालं. मालकांपुढं तोंड वेंगाडायला तो गेला नाही. तो जाणार नाही हेसुद्धा मी धरूनच चाललो होतो.

वर्षानं मी फोरमन होऊन परत आलो. भाई त्याच मशीनवर. मला बघून उठला आणि म्हणाला, "गुटेन मॉर्गेन, साहेब." याआधी त्यानं मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "तिकडं दुसऱ्यांदा विचारत्यात न्हवं?"

लाज वाटली, खरंच वाटली. खरं सांगायची तेवढीच वेळ होती.

"व्हय की," मी म्हणालो.

"मग माझंच कायतरी चुकलं आसंल. म्हणायला नीट जमलं नसंल." मान हलवत तो मशीनकडं वळला.

त्याचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले होते.