बेथेल चर्चचा कोपरा

आमच्या मार्डल काउंटीत इमारत पाडायची पद्धत नाही. नेब्रास्काच्या या भागात झाडं म्हणजे ओढ्याकाठची चार. लाकूड कुणी टाकून देत नसे. रेल्वे बारा मैल लांबून गेली तेव्हा आमच्या पणजोबांनी अख्खं गाव तुळयांवर चढवून रुळांपाशी ओढत नेलं. तेव्हापासून ही खोडच लागली. शाळा कुणाच्या तरी मक्याचं कोठार झाली, बँकेत कोंबड्या आल्या. बेथेल चर्च १९६१च्या हिवाळ्यात, जमीन गोठल्यावर, आठ ट्रॅक्टर लावून अकरा मैल दक्षिणेला हायवेवर नेलं.

कुठली इमारत मूळची कुठली, हे लव्होन रुझिका यांना तोंडपाठ. त्या मला चौथीला शिकवायला होत्या, म्हणून साठी आली तरी मी त्यांना बाईच म्हणतो. निवृत्त झाल्यावर कोर्टाच्या तळघरात बसून त्यांनी काउंटीचा मोठा नकाशा काढला. त्यात प्रत्येक इमारत तिच्या पहिल्या जागी, आज तिथं नुसता मका असला तरी. आम्ही जुनी माणसं पत्ताही तसाच सांगतो.

पुढे काउंटीनं प्रत्येक फाटकावर नंबरची हिरवी पाटी लावायचं काढलं. सभेत बाई उभ्या राहिल्या.

"मी काय तुरुंगातली कैदी आहे, नंबर लावायला? माझ्या आजोबांपासून आमच्या शेताला बेथेलचा कोपरा म्हणतात. ज्याला ठाऊक नाही त्यानं विचारावं."

"आणि विचारायला मक्याशिवाय कुणीच नसेल तर?" अध्यक्ष म्हणाले.

"मग मक्याला विचारावं. तुमच्यापेक्षा बरं उत्तर देईल."

सभा हसून लोळली. सगळ्यात मोठ्यानं हसलो मी. गावची अँब्युलन्स एकोणीस वर्षं फुकट चालवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तरी अक्कल हवी होती. पाट्या ऐच्छिक ठरल्या. शेताच्या फाटकासाठी आलेली पाटी बाईंनी परसात टोमॅटोच्या आधाराला रोवली.

ऑक्टोबरात त्यांचे यजमान एमिल बेथेलच्या कोपऱ्यावर, चर्च पूर्वी जिथं उभं होतं तिथल्या शेतात, कापणी करत होते. दुपारी बाई जेवण घेऊन गेल्या, तर एमिल यंत्रावरून उतरून चाकाला टेकून बसलेले, छाती धरून. बाईंनी मोबाइलवरून अँब्युलन्सचा नंबर लावला. "बेथेल चर्चपाशी, शेतात. लवकर या."

फोन घेणारी मुलगी शेजारच्या काउंटीतली. तिच्या पडद्यावर चर्च आज जिथं आहे तिथंच. तिनं मला रेडिओवर तेच सांगितलं. पण मी? माझा जन्म त्या कोपऱ्यापासून तीन मैलांवरचा. तरी चर्च ऐकलं आणि मी गाडी चर्चकडे घातली, जिथं दर रविवारी जातो तिथं. दाराला कुलूप, अंगण रिकामं. "एमिल! एमिल!" म्हणून मी वेड्यासारखा ओरडत इमारतीला फेरी मारली, आणि मग डोक्यात उजेड पडला.

मी तिथून कोपऱ्यावर पोचलो तेव्हा एमिल गेले होते. अंगावर बाईंचा कोट होता.

अंत्यविधी त्याच चर्चमध्ये झाला. नंतर तळघरात हॅमचे सँडविच आणि कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, मांडलेले. बाईंनी मला कोपऱ्यात बोलावलं.

"ड्वेन, त्या दिवशी वाट सापडायला त्रास नाही ना झाला?"

"नाही बाई. सरळ आलो." हे मी हातातल्या बशीकडे बघत म्हणालो.

"मी शेतात उभी राहून रस्त्याकडेच बघत होते रे. गावातली गाडी पूर्वेकडून येते. तुझी धूळ दक्षिणेकडून आली."

मी बशी टेबलावर ठेवली.

"चौथीतही तुला खोटं बोलता यायचं नाही," त्या म्हणाल्या.

"चूक माझी, बाई. मला जागा ठाऊक होती." मला रडू आवरेना. आजूबाजूची माणसं बशीत बघू लागली.

"मी चर्च म्हणाले, तू चर्चला गेलास," एवढंच बोलून त्या पाहुण्यांकडे वळल्या.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. "हातोडा घेऊन ये. कोपऱ्यावर." मी कुठला कोपरा म्हणून विचारलं नाही. गेलो तर बाई फाटकाशी उभ्या, हातात ती हिरवी पाटी. खांबाला टोमॅटोचा वाळलेला वेल अजून तसाच बांधलेला होता. त्यांनी खांब धरला, मी ठोकला. तो सरळ आहे ना, हे त्यांनी चारही बाजूंनी बघून घेतलं.

"वाच," त्या म्हणाल्या.

"एक्केचाळीसशे ऐंशी, पश्चिम रस्ता."

"मोठ्यानं."

मी पुन्हा वाचलं. बाईंनी डोळे मिटून तो नंबर हळूहळू, एकेक शब्द सुटा करत म्हटला, फोनवर कुणाला तरी सांगावा तसा.